बिनदाण्याचं भरीत

सुपडूनाना एसटीच्या डेपोतून रिटायर झाले. काकू वारल्या, पोरगी सुरतला दिलेली. देवपुरात एकटेच राहतात. मी नववीत शाळा सोडली तेव्हा घरात कोणी माझ्याशी बोलत नव्हतं. नानांनी हातात पाना दिला, गाड्या खोलायला शिकवलं. त्यांना कोणी वाकडं बोललं की माझं डोकंच सटकतं.

हिवाळ्यात दर रविवारी हेमराजभाऊच्या मळ्यात आम्हा आठ-दहा जणांचं भरीत. वांगी तुराट्यांवर भाजायची, लाकडाच्या बडगीत मिरची, लसूण, शेंगदाणे टाकून ठेचायची. ठेचणार नानाच. आठवड्यातून तेवढंच एक जेवण त्यांचं माणसांत व्हायचं.

गेल्या वर्षी, वयाच्या बासष्टाव्या वर्षी, दाणे खाल्ल्यावर त्यांचे ओठ सुजले, अंगभर गांधी उठल्या. डॉक्टर म्हणाले ॲलर्जी. दाणा बंद.

"या वयात?" मी विचारलं.

"होते. असे मोठ्या वयाचे पेशंट आता जास्त येतात. आजारच वाढलाय का लोक जास्त तपासून घ्यायला लागलेत, ते मलाही नक्की सांगता येत नाही."

मळ्यात सांगितलं तर हेमराजभाऊ हसला. "नाना, जलमभर दाणा खादा, आते काय व्हयनं? शहरना रोग लागना का तुमले?"

नाना यायचेच बंद झाले. तीन रविवार गेले. मग मी भांडलो. "त्यांचं बिनदाण्याचं करा, नाहीतर मीबी येत नाही."

केलं. आधी सगळ्यांचं ठेचलं, मग बडगी मीच खळखळून धुतली अन् तिच्यातच नानांचं ठेचलं. लाकडात दाण्याचं तेल मुरलेलं असतं, हे माझ्या टाळक्यात आलंच नाही. दोन घासात नानांना श्वास घेता येईना. हेमराजभाऊनं गाडी अशी हाणली की पंधरा मिनिटांत दवाखाना. सुई दिली, वाचले.

आता सगळ्यांना पटलं. पण आता कोणी बोलवत नाही. हेमराजभाऊ म्हणाला, "मना मळामा माणूस मरी गया तं?" वाईट मनानं नाही बोलला. घाबरलाय.

पुढच्या रविवारी मी नवीन स्टीलचं भांडं घेऊन नानांकडे गेलो. "चला. हे फक्त तुमचं."

"लोके जेवतीन का मनाकडे देखत बसतीन?" नाना म्हणाले. "तू जाय, जेवी ले."

मी गेलो नाही. दोघांनी मुगाची डाळ अन् भाकर खाल्ली. नंतर नाना खाटेवर बसून घड्याळाकडे बघत राहिले. दोन वाजले तेव्हा म्हणाले, "आते मळामा त्यासनं जेवन व्हई गयं व्हई."