नुसते ओठ हलवा

“तुम्ही, मागच्या. हो, तुम्हीच. तुम्ही नुसते ओठ हलवा.”

पेटीवरचा हात न उचलता मॅडम असं बोलली. मारुतीच्या देवळात, सगळ्या बायकांसमोर. माज्या हातातले टाळ पन तिला खुपले. “ते मुठीत घट्ट धरा. वाजता कामा नयेत. तुमच्या आवाजावर संस्कारच नाहीत.”

बायका हसल्या. पदर तोंडाला लावून, पन हसल्या. माजी धाकटी जाऊ सुमन आमच्या भजनी मंडळाची म्होरकी. अठरा वरसं माज्या मांडीला मांडी लावून गायलेली. ती आपल्या टाळाची दोरी सोडवत बसली. दोरी गुतलीच नव्हती.

मी लोहगडवाडीची. गडाच्या पायथ्याला आमची टपरी हाये. पिठलं-भाकरी, कांदाभजी, ताक. शनवार-रविवार पुण्या-मुंबईची पोरं गड चढाय येत्यात, त्यांच्यासाठी दिवसभर चुलीपुढं बसायचं. धुरानं म्हना, जल्माचाच म्हना, माजा आवाज घोगरा. बाप्यागत. पन मी गायची. भाकरी थापताना गायची, लाकडं फोडताना गायची. दर मंगळवारी आमी बायका देवळात बसायचो. येक वर जायची, येक खाली. कुनी भलतीच ओळ धरायची, मग पोट धरून हसायचं आन परत पयल्यापासून. ऐकायला कुनी येत नव्हतं. आमालाच लय गंमत यायची, म्हनून गायचो.

मॅडम पुन्याची. खाली मळवलीच्या अंगाला तिचा बंगला. गान्याच्या परीक्षा दिलेल्या. येका मंगळवारी देवळापुढनं चालली व्हती, थांबली. म्हनली, “छान आहे, पण शिस्त नाही. लोणावळ्याला भजन स्पर्धा आहे. मी तयार करते तुम्हाला.” बायका हुरळल्या. मी पन हुरळले, खोटं का बोलू? तिला च्या मीच करून पाजला.

स्पर्धेचा नियम असा, की मंडळात बारा बायका पायजेत. येक कमी पडली तर नाव बाद. आमी बाराच. म्हंजे मला काढताबी येईना. त्यांना बाई पायजे व्हती, बाईचा आवाज नको व्हता.

आन मी ऐकलं की वो तिचं! त्याची लाज मला आजबी वाटती. दोन महिने ओठ हलवले. टाळ दाबून दाबून तळहाताला वळ उठले. मॅडम खूश. “बघा, आता कसं स्वच्छ वाटतंय!” स्वच्छ. म्हंजे मी घान व्हते. घरी जाऊन भांडी आपटायची. नवरा इचारायचा, “काय झालं?” मी म्हनायची, “कुटं काय?”

मग लेकीच्या पोरीचं बारसं आलं. लेकीचं सासर परंदवडी. पोरगी पाळन्यात घातली, बायका म्हनल्या, “आजी, पाळना म्हना.” मी दोरी धरली, तोंड उघडलं. ओठ हलले. आवाज न्हाई. वाटलं, घसा बसला. खाकरले, पानी प्याले. परत ओठ हलले, परत काय न्हाई. सगळ्या माज्या तोंडाकडं बघत व्हत्या. शेवटी इहीनबाईंनी पाळना म्हनला. लेक कानाशी आली. “आये, तू अशी मुकी कशी झालीस गं?”

मुकी! माज्या तळपायाची आग मस्तकात गेली. मॅडमचा राग आला, सुमनचा आला, आन सगळ्यात जास्त माजाच आला. येक परकी बाई बोट दाखवती काय, आन मी माजा गळा तिच्या पुढ्यात ठेवती काय. त्या दिवशी घरी आले, चुलीपुढं बसले आन घशातनं जे निघंल ते काढलं. फाटकं निघालं. तरी काढलं.

स्पर्धेचा दिवस. लोणावळ्याचा हॉल. बाराजनींच्या सारख्या पिवळ्या साड्या. पडद्यामागं रांगेत उभ्या व्हतो. मॅडम आली आन टाळ घट्ट धरल्यात का म्हनून माज्या मुठी दाबून बघाय लागली. मी हात झिडकारला.

“मॅडम, मी गानार.”

“आज नाही हं. घरी गा हवं तेवढं.”

“घरीबी धड गाता येईना तुमच्यापायी. हितंच गानार. न्हाईतर अकराजनी जा.”

ती लालबुंद झाली. “तुमच्या हट्टापायी सगळ्यांची मेहनत पाण्यात घालणार? नंबर येणार होता आपला!”

सुमन माज्या दंडाला धरून म्हनली, “अक्का, सात मिनटांचं तर हाये. पाया पडते, गप ऱ्हावा.”

“सुमे, माजा आवाज तुला कवा खुपला व्हता का?”

तिनं दंड सोडला.

मॅडमनं चष्मा काढला, पुसला. मग म्हनली, “असल्या आवाजाला माझं नाव लागायला नको.” आन आमच्या मंडळाचं नावच मागं घेतलं. मी गान्यापरास कुनीच गाऊ नये, हे तिला बरं वाटलं. तवा मला कळलं, तिला गानं नकोच व्हतं.

पन बायकांनी दोषी मलाच धरलं. परतीच्या जीपमदी येकबी बाई माज्याशी बोलली न्हाई. पुढच्या मंगळवारी देवळात कुनी आलं न्हाई, समद्या बंगल्यावर शिकाय गेल्या. मी येकटीच बसले. भिताडाकडं तोंड करून गाताना रडू आलं, लय येकटं वाटलं. पन गायले. त्याच्या पुढच्या मंगळवारीबी गायले.

काल सुमन टपरीवर आली. उभ्या उभ्याच बोलली. “अक्का, मॅडम म्हनत्यात, माफी मागा. परत घेत्यात. पुढच्या स्पर्धेला बारावी बाई मिळंना झालीया.”

मी कढईतली भजी काढली. म्हनलं, “तिला सांग, माफी न्हाई. आन आपल्या वाडीतल्या कुठल्याबी बाईला गप बसवाय ती परत आली, तर तिच्या पेटीपुढं बसून गाईन. ती उठून जाईस्तवर गाईन.”

“अवो अक्का, असं कसं सांगू मी त्यांना?”

म्हनलं, “तिचं मला जसं सांगितलंस, तसंच.”