मार्करचे शंभर

माझे मामा धुळ्याच्या क्लबात मार्कर आहेत, आणि ते दारू पितात. हे मी पहिल्याच ओळीत लिहून टाकतो, कारण नाहीतर ते चार पानं पुढे ढकलीन. चौकात उभा राहून लोकांच्या पापांवर बोलताना माझा घसा कधी बसला नाही. घरचं बोलायची वेळ आली की मात्र मला पाणी प्यावंसं वाटतं.

मार्कर म्हणजे काय ते आधी सांगतो. क्लबात बिलियर्डचं टेबल असतं. हिरवं कापड, तीन चेंडू, सहा जाळ्या. साहेबलोक लांब काठीने चेंडूवर चेंडू मारतात. एका फटक्यात आपला चेंडू दुसऱ्या दोन्ही चेंडूंना लागला तर दोन गुण, तांबडा जाळीत गेला तर तीन. शंभर आधी ज्याचे, तो जिंकला. मार्कर बाजूला उभा राहतो, प्रत्येक फटक्यानंतर आकडा मोठ्याने सांगतो आणि भिंतीवरच्या पाटीवरची खूण पुढे सरकवतो. मार्करने सांगितलेला आकडा कोणी तपासत नाही. मामांना लिहिता-वाचता येत नाही, पण इंग्रजी आकडे शंभरपर्यंत तोंडपाठ. सोनगीरहून पोरवयात आले ते गोऱ्या साहेबांच्या वेळी, आणि त्या टेबलाशी उभं राहूनच शिकले.

आणि काय शिकले! मी क्लबांचा शत्रू आहे, तरी हे लिहितो. सकाळी झाडलोट झाल्यावर, एकही साहेब आलेला नसताना, मामा एकटे खेळायचे. मी मागच्या व्हरांड्यातून बघितलंय. चेंडू त्यांचं ऐकायचे. जोरात मारणं नाही, दणका नाही. शेतात पाण्याला बांध घालून जसं हव्या त्या वाफ्यात वळवतात, तसं ते चेंडूला कडेकडेने वळवून नेत.

साहेबाला जोडीदार मिळाला नाही की मार्करने त्याच्याशी खेळायचं. आणि हरायचं. हे कुठे लिहिलेलं नाही. ही रीत. नुसतं हरायचं नाही, थोडक्यात हरायचं. साहेबाला घाम फुटला पाहिजे, शेवटी त्याने मिशीवरून हात फिरवला पाहिजे. त्यासाठी चेंडू अशा जागी सोडून द्यायचा की आंधळ्यानेसुद्धा जाळीत घालावा, आणि सोडला असं दिसू द्यायचं नाही. मामांची अर्धी विद्या यात गेली. जिंकलेला साहेब मग आपल्या बाटलीतली दोन बोटं पेल्यात ओतून म्हणे, "घे मार्कर." जितकं सुंदर हरावं तितका पेला भरलेला. मामा दारू अशी शिकले. पगारातून नाही, गुत्त्यावर नाही, क्लबात.

मग स्वातंत्र्य आलं. गोरे गेले. क्लबाच्या नावाच्या पाटीला नवा रंग दिला. खुर्च्यांवर आपले वकील, आपले डॉक्टर, आपले फौजदारसाहेब बसले. मार्कर मात्र उभाच! दारूबंदी आली. साहेबांना तब्येतीच्या कारणावरून परमिट मिळालं. धुळ्यातल्या सगळ्या मोठ्या माणसांची तब्येत एकाच महिन्यात बिघडली. हमालाची तब्येत बिघडली तर त्याला कोठडी. यावर मी जळगावात एक पत्रक लिहून छापून आणलं होतं, आणि ते चांगलं होतं. आजही त्यातला एक शब्द मागे घेणार नाही.

ते पत्रक घेऊन आमचं जळगावचं कामगार मंडळ धुळ्याला आलं. आग्रा रोडवर सभा. मी रंगात आलो होतो. "परमिटाची दारू पवित्र आणि हातभट्टीची पापी, हा कुठला न्याय?" असं विचारलं आणि टाळी यायची वाट पाहिली. टाळीऐवजी मागून आवाज आला, "भाऊ, पयले तुना मामाले घर लई जाय! नालीमा पडेल शे!"

लोक पोट धरून हसले. मी भाषण पुरं केलं, पण काय बोललो ते आठवत नाही. सभा संपल्यावर गेलो तर मामा खरंच तिथे होते. नालीत नव्हते, नालीच्या कडेला बसले होते, आणि आपल्या टोपीतली धूळ टिचक्या मारून काढत होते. मला बघून म्हणाले, "चांगलं बोलना तू. आवाज हठेलोंग, नालीलोंग येत व्हता."

मी त्यांच्याकडे राहायला गेलो ते त्या दिवसापासून. त्यांना सुधारायला. मामीला हे सांगितलं तेव्हा ती भाकरी थापत होती. म्हणाली, "भाषणानं सुटणारी असती तर मीच सोडवली असती की. मी काय कमी बोलते?"

मी भाषण केलं नाही. मला दुसरंच मिळालं. पुण्याहून एक म्हातारे गृहस्थ त्या दिवसांत धुळ्याला आपल्या जावयाकडे राहायला आले होते. एके काळी मोठमोठ्या स्पर्धा जिंकलेले, हौशी खेळाडू. जावई क्लबाचा सभासद. म्हातारे सकाळी सहज क्लबात डोकावले आणि मामांना एकटं खेळताना त्यांनी पाहिलं. बराच वेळ दारात उभे राहिले. मग आत आले आणि मामांना "तुम्ही" म्हणाले. मामांनी मला हे घरी येऊन सांगितलं ते दोनदा सांगितलं.

पुण्याच्या त्यांच्या क्लबाला शिकवणारा माणूस हवा होता. हरायला नाही, शिकवायला. राहायला खोली मिळणार होती. म्हाताऱ्यांनी दोन गोष्टी सांगितल्या. जायच्या आधीच्या रविवारी दुपारी सभासदांसमोर आपण दोघे एक डाव खेळू, आणि माझ्याशी रीत पाळायची नाही, खरं खेळायचं. दुसरं, पिणारा माणूस आमच्याकडे चालत नाही. आज सोडत असाल तर बोला.

मामांनी सोडली. हे मी शपथेवर सांगतो, कारण मी त्यांच्या शेजारी झोपत होतो. पहिले काही दिवस हात कापायचे, अंगाला घाम सुटायचा, मामी कपाळावर ओला फडका ठेवायची. पण क्लबात साहेबांनी पेला पुढे केला तरी ते "पोट बिघडलंय साहेब" म्हणत. मामीने पुण्याला न्यायचं एक पातेलं कल्हई करून आणलं. मी मंडळाच्या मित्रांना सांगितलं की रविवारी एक कामगार सगळ्या साहेबांच्या नाकावर टिच्चून जिंकणार आहे. मामांचं काय ठरतंय याच्याइतकंच मला साहेबांची तोंडं बघायची होती. तेही लिहिलेलं बरं.

रविवारी मामांनी धुतलेला सदरा घातला. मी मागच्या व्हरांड्यात खिडकीशी उभा राहिलो; आमच्यासारख्यांची जागा तीच. आत खुर्च्यांवर सगळे सभासद. क्लबाचे सेक्रेटरी एक वकील होते. ते मामांना म्हणाले, "मार्कर, पाहुणे आहेत हं." एवढंच. रागावून नाही, हसून.

एक अडचण कोणाच्या लक्षात आली नव्हती. मार्करच खेळतोय, मग आकडा कोण सांगणार? वकीलसाहेब म्हणाले, "तोच सांगेल. रोज सांगतो." म्हातारे हसले, "चालेल, माझा विश्वास आहे."

डाव बरोबरीने चालला. म्हाताऱ्यांचा हात अजून सुरेख होता आणि मामा पहिल्यांदा माणसांसमोर सकाळसारखे खेळत होते. कुठे काही सोडत नव्हते. खुर्च्यांवरची कुजबुज थांबली. एकजण नकळत "वाहवा" म्हणाला आणि शेजाऱ्याकडे बघून गप्प झाला. म्हातारे नव्वदच्या घरात होते, मामांची पाळी होती. तांबडा चेंडू जाळीत घातला. "नाइन्टी फोर." पुढच्या फटक्यात दोन्ही चेंडूंना स्पर्श. "नाइन्टी सिक्स." अजून दोन फटके आणि शंभर. मी खिडकीचा गज घट्ट धरला.

मामांनी तिसरा फटका मारला. चेंडू कडेला लागून वळला, पांढऱ्याला शिवला, तांबड्याला शिवला. स्वच्छ. मामा सरळ झाले आणि म्हणाले, "नाइन्टी सिक्स."

मला वाटलं, चुकले. पाटीवरची खूण त्यांनी हलवली नाही. परत वाकले, परत फटका मारला, परत दोन्ही चेंडू लागले, आणि परत तोच आवाज, रोजचा, कामाचा आवाज: "नाइन्टी सिक्स." मग पुढचा फटका हलकेच चुकवला आणि पाहुण्यांसाठी टेबलापासून मागे सरले. चेंडू कुठे सोडला होता? आंधळ्यानेसुद्धा जाळीत घालावा अशा जागी.

म्हाताऱ्यांनी काठी टेबलावर आडवी ठेवली. "मार्कर, तुमचे शंभर झाले. तुम्ही जिंकलात."

"नाही साहेब. शहाण्णव."

"अहो, मी मोजतोय. इथे सगळे मोजतायत." म्हाताऱ्यांनी खुर्च्यांकडे पाहिलं. सगळ्यांनीच मोजलं होतं. एकाने चिरूट पेटवायला घेतला.

वकीलसाहेब उठले. "मार्कर, खोटा आकडा सांगतोस?" अजून हसतच होते, पण 'खोटा' हा शब्द पडला होता. मी मामांचा चेहरा पाहिला. त्यांनी एकदा पाटीकडे पाहिलं, एकदा वकिलांकडे. मग मान खाली घालून म्हणाले, "थोडी घेतली होती साहेब. आकडा चुकला."

आणि खोलीतला ताण सुटला! सगळे एकदम हसले. हसायला कारण मिळालं म्हणून हसले. "तरीच!" "पाहुण्यांसमोरसुद्धा, वा रे वा!" फौजदारसाहेबांनी कानांवर हात ठेवले, "मी काही ऐकलं नाही हं, आज रविवार आहे." त्यावर आणखी हसू. फौजदारसाहेबांच्या खुर्चीशेजारी त्यांचा स्वतःचा पेला होता, तब्येतीचा.

म्हातारे हसले नाहीत. ते मामांच्या अगदी जवळ गेले, मला वाटतं वास घ्यायलाच गेले. "खरं सांगा. प्यायलात?"

"हो साहेब."

म्हातारे मागे सरले. "मग माझा इलाज नाही," म्हणाले आणि कोट घालून निघून गेले.

मी खिडकीत होतो. मोठ्या आवाजाचा माणूस, ज्याने परमिटावर पत्रक काढलं तो. एका वाक्याचं काम होतं: हा माणूस प्यायलेला नाही, मी साक्षी आहे. ते वाक्य जिभेवर आलं आणि मी ते बोललो नाही. मला तेव्हा मामांची इतकी लाज वाटली होती की हे माझे मामा आहेत हे त्या खोलीला कळू नये असं वाटलं. साहेबांचा राग नंतर आला. राग नेहमी सोयीने येतो माझा.

घरी येताना पांझरा नदीच्या काठाने आलो. मी म्हणालो, "मामा, तुम्ही प्यायला नव्हता."

"नव्हतो."

"मग असं का सांगितलं?"

मामा समजावून सांगायच्या सुरात बोलले. "आकडा खोटा सांगणारा मार्कर कोण ठेवी रे? दुसऱ्या दिवशी हाकली देतीन. पेईसन चुकना म्हणजे हसतस, आन् ठेवी लेतस."

"पण मुळात खोटा सांगितलाच का? शंभर झाले होते तुमचे!"

मामांनी टोपी काढून हातात घेतली. "निंघनंच नही," म्हणाले. "त्या खोलीमा शंभर मी आजलोंग साहेबनाच बोलेल शे. माना शंभर बोलाले गऊ, तर तोंडमाईन निंघनंच नही. आदी अठ्ठ्याण्णव, मंग शंभर, दोनदा बोलीसन पाह्यं." मग थोडं चालून, "हात मात्र चांगला चालना आज. नही?"

"चांगला चालला," मी म्हणालो.

मामी दारातच उभी होती. तिने काही विचारायच्या आधी पुढे येऊन मामांच्या तोंडाचा वास घेतला, रोजच्या सवयीने. आणि तिचं तोंड उजळलं. मामा म्हणाले, "हारनू. पाहुणा भारी व्हता."

"हरलात तर हरलात," ती म्हणाली, "काय बिघडलं? पुणं नाही तर नाही." मामांच्या हातातली टोपी तिने खुंटीला लावली. एवढ्या मोठ्या दिवशी, एवढ्या साहेबांत जाऊन नवरा कोरडा घरी आला, तिच्या हिशेबी ही हार नव्हतीच. तिने चुलीवर सांजा टाकला, गूळ जास्त घातला. ताट वाढताना मला म्हणाली, "तुझ्यामुळे झालं बरं का. तू राहिलास म्हणून सुटली."

मामा जेवत होते. त्यांनी माझ्याकडे वर पाहिलं नाही. पंधरवड्याने ते पुन्हा पिऊ लागले. आता पिऊन आकडा चुकणारा म्हणून क्लबात नाव झालंच होतं, तर मग का नाही? पण ते नंतर. त्या दिवशी मामीने माझ्या ताटात दुसऱ्यांदा सांजा वाढला, आणि मी नको म्हणालो नाही. खाली मान घालून सगळा खाल्ला.