चीनो म्हणजे कुठला?

कल्पना करा, तुमच्या एका हातात चिमटा आहे, दुसऱ्या हातात बोटाएवढी सुरी. दोन्ही स्पिरिटच्या दिव्यावर तापवून मग निवू दिलेली. समोरच्या काचेच्या बाटलीत बटाट्याचं रोप आहे, शिवणाच्या दोऱ्याइतकं बारीक. त्याचे पाच तुकडे करायचे, प्रत्येकावर एक पान राखायचं आणि एकेक तुकडा नव्या बाटलीत उभा करायचा. हे करताना बोलायचं नाही. श्वास आत गेला की आठवड्यात बुरशी धरते.

देल्मी आर्गेता या बाईंनी हे काम अकरा वर्षं केलं, होंडुरासच्या डोंगरात, आमच्या गावाच्या वरच्या बियाणं केंद्रात. डोंगरावरचे चाळीसेक शेतकरी त्यांच्या बाटल्यांतून निघालेलं निरोगी बियाणं लावत. मी तिथे इंजिनिअर म्हणून लागलो, सगळ्यांचा ‘इंजे’ झालो, तेव्हा मला काम त्यांनीच शिकवलं, आणि त्यांना शिकवलं होतं शेजारच्या खुर्चीवरच्या त्साय यांनी. त्साय तैवान सरकारने पाठवलेले तंत्रज्ञ. दोघं तासन् तास शेजारी, तोंडाला मास्क, शब्द नाही. बोलणं व्हायचं ते दहाच्या कॉफीला, आणि तेही बाटल्यांबद्दलच. त्साय यांची स्पॅनिश मोडकी होती. बुरशी धरलेल्या बाटलीला ते ‘झोपली’ म्हणत, म्हणून बाईही तसंच म्हणायला लागल्या.

गाव मात्र त्साय यांना ‘चीनो’ म्हणायचं, म्हणजे स्पॅनिशमध्ये चिनी. आमच्याकडे पूर्व आशियातून आलेला कुणीही चीनो. कोपऱ्यावरचा दुकानदार कोरियाचा, तोही चीनो. सुरुवातीला त्साय सांगून बघत, मी चीनचा नाही, तैवानचा. त्यावर केंद्राचा वॉचमन चेपे म्हणायचा, “बरं बरं, तैवानचे चीनो.” शेवटी त्यांनी नाद सोडला. फोन उचलून स्वतःच “चीनो बोलतोय” म्हणायला लागले.

मग एका मार्चमध्ये आमच्या सरकारने तैवानशी संबंध तोडले आणि चीनशी जोडले. तैवानच्या माणसांना निघावं लागलं. त्साय यांनी जाण्याआधी दोन दिवस बसून बाटल्यांच्या प्रत्येक फळीवर कापणीच्या पुढच्या तारखा लिहिल्या. देल्मीबाईंनी कडबोळ्यांसारख्या मक्याच्या रोस्किया बांधून दिल्या. गाडीपाशी दोघांनी हात मिळवले.

त्यानंतर बाई कॉफीला बाहेर येत, पण बोलायला विषय नसे. एकदा म्हणाल्या, “तीन झोपल्या आज.”

“मग उठवा की त्यांना,” चेपे हसला.

त्या हसल्या नाहीत. कप धुऊन आत गेल्या. गावात बहीण होती, चर्चमध्ये ओळखी होत्या. पण दिवसभर ज्यात जीव अडकलेला त्या गोष्टी कळणारं माणूस उरलं नव्हतं. मी होतो, पण मी बहुतेक दिवस शेतांवर.

थंड खोलीत चार हजार बाटल्या होत्या. तिची वीज अमेरिकेच्या मदतीतून येई. आता तिकडे कायदा झाला होता की, जो देश तैवानला सोडून चीनकडे जाईल, त्याची मदत पुन्हा तपासायची. त्या मदतीच्या कचेरीतल्या एक अधिकारी फॉर्म घेऊन आल्या तेव्हा मी नेमका खालच्या गावी बियाणं पोचवायला गेलो होतो. देल्मीबाईंनी फॉर्म एकटीने भरला, सुबक अक्षरात. चौथा प्रश्न होता: केंद्राचे चिनी व्यक्तींशी किंवा संस्थांशी संबंध आहेत किंवा होते काय?

त्यांनी लिहिलं: ‘हो. दहा वर्षं. सगळं चिनी माणसानेच शिकवलं. फार सज्जन.’

त्यांना वाटलं, चांगलं बोललं तर केंद्राचं भलं होईल.

दीड महिन्याने पत्र आलं. मदत थांबवली होती. कारणं दोन दिली होती: देशाने बदललेली बाजू, आणि केंद्राचे चिनी संबंध. मी ते वाचून दाखवलं, फॉर्मची प्रत काढली, तेव्हा मला कळलं. मी समजावून सांगितलं की, त्साय तैवानचे, आणि फॉर्मवरचा प्रश्न चीन देशाबद्दल होता.

“पण चीनो म्हणजे चीनो,” त्या म्हणाल्या. “ते स्वतःच म्हणायचे.”

मी खुलाशाचं पत्र पाठवलं, त्साय यांच्या नेमणुकीच्या कागदांसकट. उत्तर आलं की, फाइल बंद झाली आहे. खोलीची वीज महिनाअखेर तुटली. बाईंनी जमतील तेवढ्या बाटल्या बहिणीच्या घरातल्या उत्तरेच्या खिडकीत नेल्या. दोनशे असतील. बाकीच्यांचं काय झालं ते सांगायला नको. चेपेने दोनदा समजूत घातली, की तुम्ही काही लिहिलं नसतं तरी त्यांनी तोडलीच असती, सरकार फिरलं होतं. मीही तेच म्हणालो. खरं काय ते आम्हा दोघांनाही माहीत नव्हतं.

परवा मी खिडकीतल्या बाटल्या बघायला गेलो. बाईंनी मला स्टूल दिलं, पत्र समोर ठेवलं आणि त्या दोन कारणांवर बोट ठेवून विचारलं, “इंजे, तुम्ही शिकलेले आहात. त्यांनी आधी आपल्या सरकारचं नाव वाचलं, की माझं उत्तर?”