फाइलीतले बेचाळिसावे पान

"सर, बेचाळीस नंबरचं पान कुठं हाय?"

रेणुकाने फाइल माझ्यासमोर उघडून धरली होती. एक्केचाळीस आणि लगेच त्रेचाळीस. प्रवेश परीक्षेला अकरा दिवस राहिले होते.

"झेरॉक्सला दिलं होतं," मी म्हणालो. "तिकडेच राहिलं असेल."

हे खोटे होते. ते पान कुठे आहे, हे मला नेमके माहीत होते.

मी ज्युनिअर कॉलेजात जीवशास्त्र शिकवून निवृत्त झालो. माझी पत्नी सुमन नर्सिंग ट्यूटर होती, म्हणजे नर्स होऊ पाहणाऱ्या मुलींना शिकवणारी नर्स. निवृत्तीनंतर आम्ही शाहूपुरीत एका स्टेशनरीच्या दुकानावरची खोली घेतली आणि बी.एस्सी. नर्सिंगच्या प्रवेश परीक्षेचा क्लास सुरू केला. जीवशास्त्र माझ्याकडे, नर्सिंग अ‍ॅप्टिट्यूड तिच्याकडे. बाकीच्या विषयांना बाहेरचे शिक्षक येत.

अ‍ॅप्टिट्यूड म्हणजे कल. या मुलीला हे काम जमेल का, हे पाहणारे प्रश्न. त्याला पाठ्यपुस्तक असे नसते. सुमनने स्वतःची फाइल केली होती. निळ्या शाईने लिहिलेली, प्रत्येक पानावर नंबर. पहिल्या पानावर वॉर्डातल्या नोंदींचा नियम होता: 'पान काढू नये. हरवले तर त्या जागी तसे लिहावे. खोडरबर वापरू नये. चुकले तर एकच रेघ मारावी, खालचे वाचता आले पाहिजे. बाजूला सही, तारीख, वेळ.' हा नियम ती पहिल्याच दिवशी शिकवायची. ती गेल्यावर त्या फाइलीवरून मी शिकवू लागलो. नियमही मीच शिकवला.

रेणुका चंदगडकडची. शाहूपुरीत स्पेअर पार्टचे दुकान असलेल्या मामाकडे राहून शिकत होती. हा तिचा दुसरा प्रयत्न. आदल्या वर्षी सरकारी कॉलेजची जागा दोन गुणांनी हुकली होती. खासगी कॉलेज घरच्यांच्या आवाक्यात नव्हते. या वेळीही जागा मिळाली नाही, तर गावी परत जाऊन आईबरोबर काजूच्या फॅक्टरीत बसायचे, असे घरी ठरले होते. हे तिने मला रडून सांगितले नव्हते. प्रवेश अर्जातली माहिती सांगावी तसे सांगितले होते.

तिचे जीवशास्त्र चांगले होते. रसायनही बरे. पण आमच्या सराव परीक्षांत अ‍ॅप्टिट्यूडला वीसपैकी नऊ, कधी दहा. त्याच्या वर आकडा जात नव्हता. मी सगळ्या बॅचच्या उत्तरपत्रिका काढून बसलो. चुका विखुरलेल्या नव्हत्या. 'सर्वप्रथम काय कराल?' अशा प्रश्नांतच सगळ्या मुली चुकत होत्या. मी त्यांना बरोबर उत्तर सांगत होतो. ते का बरोबर, हे सांगत नव्हतो. कारण ते बेचाळिसाव्या पानावर होते.

दुसऱ्या दिवशी दुपारी रेणुकाचे मामा जिना चढून आले. मागे रेणुका.

"नमस्कार सर. पोरीनं खाली झेरॉक्सवाल्याला लई झापलं," ते म्हणाले. "त्यो म्हणतोय, माझ्याकडं आलं तवाच एक्केचाळीसनंतर त्रेचाळीस हुतं. आता खरं कोण बोलतंय?"

"मामा, गप की," रेणुका म्हणाली.

"का गप? ह्या पोरीच्या आईला काय सांगू मी? एक पान घावंना म्हणून पोरगी परत काजू सोलाय आली?"

"तसं नाही होणार," मी म्हणालो.

"मग पान द्या की!"

रेणुका माझ्याकडे बघत होती. मग हळूच म्हणाली, "सर, पान हरवलं असंल तर त्या जागी तसं लिहून ठिवायला पायजे. तुम्हीच शिकवलंय."

टोमणा नव्हता तो. ती खरेच मदत करत होती.

"उद्या आणतो," मी म्हणालो.

मामांचा आवाज एकदम खाली आला. "बाईंचं पान हाय, व्हय?" त्यांनी विचारले. मी मान हलवली. "ऱ्हाऊ द्या मग. सवडीनं आणा," असे म्हणून ते उतरून गेले. सवड नव्हती, हे त्यांनाही माहीत होते.

पान घरी होते. सुमनच्या कपाटात, तिच्या नर्सिंग कौन्सिलच्या सर्टिफिकेटच्या पाकिटात, चार घड्या घालून. ती गेल्यावर तेराव्या दिवशी मी ते फाइलीतून काढले होते. मथळा होता, 'पेशंट जमिनीवर पडलेला आढळला तर'.

सुमन मोरीत पडली होती. सकाळची वेळ. आवाज ऐकून मी धावलो. ती कुशीवर पडली होती, शुद्धीवर होती. "थांबा," ती म्हणाली, "हलवू नका मला." मी ऐकले नाही. फरशी ओली होती, तिची साडी भिजत होती, शेजारचे दारात येऊन उभे राहिले होते. मी तिच्या काखेत हात घालून तिला ओढून उभे केले. तेव्हा ती ओरडली. तसा आवाज मी तिच्या तोंडून कधी ऐकला नव्हता.

खुब्याचे हाड मोडले होते. ऑपरेशन झाले. पुढे न्यूमोनिया झाला आणि सात आठवड्यांनी ती गेली. डॉक्टर म्हणाले, "तुम्ही उचललंत म्हणूनच झालं, असं म्हणता येणार नाही." तसे झाले नाही, असेही ते म्हणाले नाहीत. मी दोन्ही वाक्ये लक्षात ठेवली आहेत.

सकाळी मी पान घेऊन क्लासला गेलो. फळ्यावर प्रश्न लिहिला. पेशंट पलंगाजवळ जमिनीवर पडलेला आढळला. सर्वप्रथम काय कराल? अ, उचलून पलंगावर ठेवाल. ब, डॉक्टरांना फोन कराल. क, जवळ थांबून शुद्ध, श्वास आणि दुखापत पाहाल. ड, घटनेची नोंद कराल.

चौदापैकी अकरा मुलींनी 'अ' लिहिले. रेणुकाने सुद्धा.

"क," मी म्हणालो.

"सर, पडल्यालं माणूस तसंच ठिवायचं?" रेणुका उठून उभी राहिली. "माझी आई फॅक्टरीत चक्कर येऊन पडली, तर बायकांनी उचललीच की. पाणी मारलं, कांदा लावला नाकाला."

मुली हसल्या. मला हसू आले नाही, पण तिचे म्हणणे मला पूर्ण कळले. आमच्याकडे माणूस पडले की पाच जण धावतात. उचलणे म्हणजे माया. माणूस खाली पडलेले ठेवून नुसते बघत उभे राहणारा तो परका. या मुली अज्ञानामुळे चुकत नव्हत्या, चांगल्या घरात वाढल्यामुळे चुकत होत्या.

मी पान वाचून दाखवले. सुमनने लिहिले होते: 'चारही पर्याय करायचेच असतात. परीक्षा फक्त क्रम विचारते. आधी डोळे, मग तोंड, मग हात, शेवटी पेन. म्हणजे आधी बघा. मग पेशंटला विचारा आणि मदतीला हाक मारा. मग चार जणी मिळून उचला. मग लिहा.'

खाली एक ओळ होती: 'पेशंट स्वतः काही सांगत असेल तर ते ऐका.'

ही ओळ वाचताना मी थांबलो. मग पान काढल्याचे आणि का काढले ते मुलींना सांगितले. मोरी, ओली फरशी, 'हलवू नका मला', सगळे. मला वाटले होते त्यापेक्षा कमी वेळ लागला.

"मॅडम काय म्हणाल्या नंतर?" रेणुकाने विचारले.

"स्ट्रेचरवर असताना म्हणाल्या, 'एवढ्या मुली पास केल्या, घरातला एक विद्यार्थी नापासच राहिला.'"

कुणी हसले नाही. रेणुका मात्र किंचित हसली. सुमनला तेच आवडले असते.

उरलेले नऊ दिवस आम्ही फक्त क्रमाचे प्रश्न केले. शेवटच्या दोन सराव परीक्षांत रेणुकाला पंधरा आणि सोळा पडले.

परीक्षा झाली. केंद्रावरून तिने फोन केला. "'आधी काय' चं तीन आलं, सर. तिन्ही सुटलं. पडल्याल्या माणसाचा एकबी न्हाय आला."

"बरं झालं," मी म्हणालो.

प्रवेशाच्या दुसऱ्या फेरीत तिला सरकारी कॉलेज मिळाले. मामा पेढे घेऊन आले. एक पुडा त्यांनी खाली झेरॉक्सवाल्यालाही दिला आणि मोठ्याने म्हणाले, "चूक तुमची नव्हती, पावणं."

पान आता एक्केचाळीस आणि त्रेचाळीसच्या मध्ये आहे. घड्या गेलेल्या नाहीत. समासात मी लिहिले आहे: 'हे पान मी काढले होते. परत लावले.' खाली सही, तारीख, वेळ.

नव्या बॅचला पहिल्या दिवशी नियम शिकवताना मी ते पान दाखवतो. फाइलीतून पान काढले म्हणून घडलेले पुसले जात नाही. फक्त पुढच्या माणसाचे गुण जातात.