उसना दिलेला जाळीचा स्वेटर

माझा पहिला जाळीचा स्वेटर मी सायकलच्या तारांवर विणला. मेहकरात तेव्हा विणायच्या सुया मिळत नव्हत्या असं नाही, पण मिळायच्या त्या जाड, आणि जाड सुयांवर जाळी भोंगळ येते. सायकलवाल्याकडून मोडक्या चाकाच्या तारा आणल्या, टोकं पाट्यावर घासली, पाटा खराब केला म्हणून आईची बोलणी खाल्ली आणि विणायला बसले. लोकर पुढे घ्यायची, दोन टाके एक करायचे, परत लोकर पुढे. सांगायला एवढंच. पण एका ओळीत एकदा जरी लोकर पुढे घ्यायची राहिली, तर जाळीत उमटणारी वरची सगळी पानं एका अंगाला कलतात आणि शेजारीण नेमकं तेवढंच बघते. छातीपर्यंत आलेला स्वेटर मी तीनदा उसवला. बटणं नसलेला, डोक्यातून घालायचा स्वेटर होता तो, माझा मला. हे सगळं अशासाठी सांगते, की पुढे जे झालं त्यावर घरातले म्हणाले, "एक स्वेटर तर होता."

मी तो एकदाच घातला. त्याच आठवड्यात काकू आली. तिच्या मुलीला, म्हणजे माझ्या चुलत बहिणीला, बघायला दुसरबीडचे पाहुणे येणार होते. आमच्याकडे तेव्हा मुलगी दाखवायची म्हणजे तिचं हातकामही मांडायचं. भरलेला टेबलक्लॉथ, मण्यांचा पोपट, क्रोशाचे रुमाल, आणि आईनं शेजारी उभं राहून म्हणायचं, सगळं हिनंच केलं. त्यातलं निम्मं गल्लीतून गोळा केलेलं असे. पाहुण्यांनाही ते ठाऊक असे, त्यांच्याही घरी मुली होत्याच. वाटीभर साखर मागावी तितक्या सहज बायका एकमेकींचं काम मागून नेत.

"तुहा तो सेटर दे वं एक दिवस," काकू म्हणाली.

"मी विणला असं सांगशील का त्यांना?"

"तुह्यं नाव काऊन सांगू? तुले थोडीच पाहाले येऊन राह्यले ते!"

मी आईकडे वळले, तर आई पेटी उघडून स्वेटर काढत होती. मला विचारायची गरजच वाटली नाही तिला.

चुलत बहीण वाईट नव्हती. तिचं अक्षर सुंदर होतं, गळा गोड होता. सुलट टाका कोणता आणि उलट कोणता हे तिला कळत नव्हतं, आणि कळायला पाहिजेच असंही माझं म्हणणं नाही. पण मग कळतं असं सांगायचं कशाला?

मुलाच्या आईला नेमकी विणकामाची जाण होती. तिनं पोपटाकडे ढुंकूनही पाहिलं नाही. स्वेटर उचलला, उलटा केला आणि आतल्या बाजूनं गाठी शोधल्या. सापडल्या नाहीत. मी दाराआडून बघत होते, आणि कबूल करते, मला आनंद झाला. माझ्या कामाची आतली बाजू बघणारी ती पहिलीच बाई होती. "पोरीचा हात लई साफ हाय," ती बहिणीला जवळ घेऊन म्हणाली, "हा सेटर मीच घेऊन जातो." लग्न ठरलं, स्वेटर दुसरबीडला गेला. काकू म्हणाली, "पोरीचं भलं झालं. तुले काय, तू दुसरा विनशीन."

दुसरा विणलाच मी, पण बहिणीच्या सासूबाईंच्या जावेसाठी. तिसरा तिच्या नणंदेसाठी. बहीण माहेरी यायच्या महिनाभर आधी तिचं पत्र येई, आत मापं. माहेरी आल्याशिवाय आपला हात चालत नाही असं तिनं सासरी सांगून ठेवलं होतं, आणि त्या भोळ्या माणसांना ते पटलं होतं! पंधरा दिवस राहून ती तयार स्वेटर घेऊन एसटीत बसे. माझ्या अंगावर मात्र आईची जुनी शाल. चौथ्या वेळी मी सरळ नाही म्हणाले. आई हळू आवाजात म्हणाली, "तिच्या संसारावर उठतं काय?" झालं. विणत गेले मी. तीन हिवाळे विणत गेले आणि दात खात गेले.

मग मला बघायला पाहुणे आले. दुसरबीडच्याच बाजूचे होते. मी आईला बजावून सांगितलं, टेबलावर उसनं काहीही ठेवायचं नाही. माझी एकच वस्तू ठेवायची. त्या हिवाळ्यात हट्टानं, सगळ्यांची मापं बाजूला सारून, मी स्वतःसाठी एक स्वेटर विणला होता. तेवढाच ठेवला.

मुलाच्या मावशीनं तो उचलला आणि हसली. "हे तं दुसरबीडच्या सुनेचं काम हाय! आमी वळखतो नं तिचा हात. आमाले काय येडं समजता?" ती रागावली नव्हती. असलं चालायचंच, अशा समजुतीनं हसली आणि तिच्याबरोबर सगळे हसले.

माझ्या डोक्यात तिडीक गेली. बघायला आलेल्या माणसांसमोरून मुलीनं उठायचं नसतं. मी उठले, आतून सुया-लोकर आणली आणि मान खाली घालून बसायचं त्याच जागी बसून विणायला लागले. चहा निवला. एक अख्खं पान मी त्यांच्यासमोर उतरवलं, सरळ, कुठेही न कलणारं, आणि मावशीच्या हातात दिलं. तिनं ते उजेडाकडे धरलं, आतून-बाहेरून पाहिलं.

"वा! बहिणीनं लई चांगलं शिकोलं तुले."

काकू तिथंच बसली होती. तिनं लगेच मान डोलावली. तिच्याकडून मला दुसरी अपेक्षाही नव्हती. मी आईकडे पाहिलं. एकच वाक्य बोलायचं होतं तिला.

आई मावशीकडे बघून म्हणाली, "हाव जी, तिनंच शिकोलं हिले."