उजवीकडची गाडी

डेक्लनच्या गाडीचं पुढचं चाक माझ्या बुटापासून दोन हातांवर थांबलं. गवतात चर पडला होता आणि बॉनेटमधून वाफ येत होती. मी लाल झेंडा वर धरून उभा होतो, पण वर केल्याचं मला आठवत नव्हतं.

डेक्लनने हेल्मेटची काच वर केली. त्याने माझ्याकडे पाहिलंच नाही. उजवीकडे, ट्रॅकच्या बाहेरच्या बाजूला बघत म्हणाला, "कुठे गेला तो?"

"कोण?"

"बाहेरून घुसत होता तो. त्याला जागा द्यायला मी आत आलो."

मी मान वळवून पाहिलं. बाहेरच्या बाजूला फक्त कॉंक्रीटची भिंत आणि तिच्यामागे रिकामा स्टॅंड. बाकी आठ गाड्या ट्रॅकच्या पलीकडच्या बाजूला होत्या.

"डेक्लन, तिथे कोणी नव्हतं."

त्याचे हात स्टिअरिंगवरच होते.

ही २०२१ च्या उन्हाळ्यातली गोष्ट. माझी बायको वैशाली आयर्लंडमधल्या पोर्टलीशच्या हॉस्पिटलमध्ये नर्स आहे. तिच्या व्हिसावर मी आलो. माझं शिक्षण नववी. तेही नववी पास म्हणायचं की नाही, यावर घरी एकमत नाही. पंधराव्या वर्षापासून भोसरीच्या एका गॅरेजमध्ये होतो. इथे सगळे सर्टिफिकेट मागायचे. गॅरेजवाल्या डेक्लनने मागितलं नाही. त्याने मला एका बंद पडलेल्या ट्रॅक्टरजवळ नेलं आणि म्हणाला, "ऐक आणि सांग." मी ऐकलं, सांगितलं. दुसऱ्या दिवसापासून कामाला. मी त्याला तोंडाने डेक्लन म्हणतो, कारण इथे तसंच म्हणतात. मनात मात्र तो अजून मालकच आहे.

एकसष्ट वर्षांचा हा माणूस दर रविवारी स्टॉक कार चालवायचा. स्टॉक कार म्हणजे जुनी गाडी, आतलं सगळं काढून टाकलेली, ड्रायव्हरभोवती लोखंडी पाइपांचा पिंजरा. लंबगोल छोट्या ट्रॅकवर डावीकडे वळत राहायचं. एकमेकांना धक्के मारायला परवानगी असते. परवानगी नसते ती फक्त आतली पांढरी रेघ ओलांडायची. रेघेच्या आत आउट ऑफ बाउंड्स. आत गेलं की वळण छोटं होतं, म्हणजे लबाडी. आणि दुसरं कारण, आत मार्शल, म्हणजे झेंडे दाखवणारे, उभे असतात. रविवारी मी त्यांच्यातलाच एक असायचो, तिसऱ्या वळणावर, अर्ध्या पुरलेल्या ट्रॅक्टरच्या टायरमागे.

पूर्वी एका ठिकाणी दोन मार्शल असायचे. कोविडमुळे एकच केला. प्रेक्षकांना तर बंदीच होती. आमचा ट्रॅक बॉगच्या कडेला आहे, म्हणजे पीटच्या काळ्या, ओल्या जमिनीच्या. दुपारी तीनलाही तिथून धुकं सरकत यायचं. शर्यत संपली की इंजिनं बंद व्हायची आणि टाळी नाही, शिट्टी नाही, कोणी कोणाला हाक मारत नाही. स्टॅंडमधल्या दुमडलेल्या खुर्च्या वाऱ्याने हलायच्या. एखादी आपोआप उघडायची, जणू कोणी नुकतंच उठून गेलं.

डेक्लन आत आला ती पहिली वेळ. पुढच्या रविवारी दुसरी. तेच वळण आणि तोच प्रश्न. "कुठे गेला तो?"

आमच्या क्लबचा नियम असा, की एका सीझनमध्ये तीनदा रेघ ओलांडली की लायसन्स गेलं. त्या वयात एकदा गेलेलं लायसन्स परत कोणी देत नाही, हे डेक्लनला माहीत होतं. मलाही.

शेन नावाचा एक पोरगेला ड्रायव्हर चहाच्या वेळी मोठ्याने म्हणाला, "डेक्लन, चष्म्याच्या दुकानात जा बाबा. नाहीतर पाद्र्याकडे!"

सगळे हसले. डेक्लनही हसला. "आय'म ग्रॅंड," म्हणाला, म्हणजे मी ठणठणीत. पण सोमवारी गॅरेजमध्ये तो एकच नट तीनदा घट्ट करत होता.

"सॅन," त्याने हाक मारली. संतोष त्याला जमत नाही. "दिसत नाही मला तो. ऐकू येतो. इथे, उजव्या खांद्याशी. तीस वर्षं मी कानाने गाडी चालवतोय. आरशात काय दिसतं या गाडीच्या?"

"आवाज कसा आहे?"

"खराब गाडी आहे. फटफटते."

मला एकदम थंडी वाजली. कारण आदल्या दिवशी झेंडा घेऊन उभा असताना मीही मोजलं होतं. डोळ्यांनी नऊ गाड्या, कानांनी दहा. मी ते कोणालाही सांगितलं नव्हतं. त्या रात्री वैशालीला सांगितलं तर ती म्हणाली, "अरे, आठ तास इंजिनं ऐकतोस. कानांना जरा सुट्टी दे." मग थोडं थांबून, "तू उभा कुठे असतोस नक्की?" मी विषय बदलला.

बुधवारी क्लबच्या कंटेनर ऑफिसमध्ये मीटिंग झाली. मास्क लावलेले, खिडक्या उघड्या, सगळे कुडकुडत. नियमांचं काम मोरा बघायची. ती रिटायर्ड शाळामास्तरीण. तिच्यासमोर मला अजूनही वही विसरल्यासारखं वाटतं.

डेक्लन म्हणाला, "धडक टाळायला कोणी आत गेला, तर ती लबाडी नाही. नियमात तशी सूट घाला. नाहीतर माणसं आत यायच्याऐवजी भिंतीवर जातील. सेफ्टी कशाला म्हणतात मग?"

"आणि धडक होणार होती हे कोण ठरवणार?" मोरा म्हणाली. "तू? जी गाडी नव्हतीच, तिच्याशी?"

कोणीतरी खाली बघून खोकलं.

"रेघ म्हणजे रेघ, डेक्लन. आत माणसं उभी आहेत." मग ती माझ्याकडे वळली. "हा तिथे उभा असतो. तू सांग. सूट द्यायची की नाही?"

मला वाटलं, आता जमिनीने मला पोटात घ्यावं. ज्या माणसाने मला सर्टिफिकेट न विचारता काम दिलं, तो समोर बसला होता. माझ्या एका वाक्यावर त्याचं लायसन्स होतं. आणि दोन हातांवर थांबलेलं ते चाकही मला दिसत होतं.

"नको," मी म्हणालो. आवाज इतका बारीक निघाला की मोराने पुन्हा विचारलं. "सूट नको. मला भीती वाटते."

परतताना व्हॅन डेक्लन चालवत होता. मी मनात भोसरीची तिकिटं काढत होतो. शेवटी तो म्हणाला, "बरोबर बोललास." आणि रेडिओ लावला.

शनिवारी सकाळी तो एकटाच प्रॅक्टिसला आला. ट्रॅकवर त्याची एकच गाडी. मी माझ्या टायरमागे. धुकं एवढं, की समोरचा स्टॅंड अर्धाच दिसत होता.

पहिला राउंड. तिसऱ्या वळणाआधी त्याने ॲक्सिलरेटरवरून पाय काढला आणि मला दोन गाड्या ऐकू आल्या.

एक समोर, जी दिसत होती. दुसरी तिच्या उजवीकडे, किंचित मागे. फट. फट-फट. डेक्लनची गाडी आत वळायला लागली, मग सावरली. मानेवरचे केस ताठ होणं म्हणजे काय, हे मला त्या दिवशी कळलं. पळून जावंसं वाटत होतं. पण पाय हलेना, म्हणून ऐकत उभा राहिलो.

दुसऱ्या राउंडला परत. फट. फट-फट.

आणि मी तो आवाज ओळखला. आपल्या पोराचा खोकला गर्दीत ओळखतो, तसा.

तो माझा वेल्ड होता.

वसंतात डेक्लनच्या सायलेन्सरचा पाइप चिरला होता. मी पॅच मारला. ब्रॅकेटमागे हात नीट पोचत नव्हता, तिथे सुईएवढं भोक राहिलं. मला माहीत होतं. गाडी बाहेर काढायची घाई होती, आणि परत खोलतो म्हटलं तर मालक म्हणेल याला साधा पॅच जमत नाही. मी गप्प बसलो. अशा भोकाचं असं असतं, की गॅस देताना काही कळत नाही. पाय काढला की पाइपात हवा आत ओढली जाते आणि उरलेलं पेट्रोल फटाफट पेटतं. डेक्लन पाय काढायचा तो नेमका रिकाम्या स्टॅंडसमोर. आवाज स्टॅंडच्या मागच्या पत्र्यावर आपटायचा आणि पापणी लवायच्या आत त्याच्या उजव्या कानाशी परत यायचा. लोक बसलेले असते तर तो त्यांच्या कोटांत, टोप्यांत जिरून गेला असता.

तो स्वतःच्याच गाडीला जागा देत होता.

मी लाल झेंडा दाखवला. तो थांबला. मी सगळं सांगितलं, भोकासकट. सांगताना बुटांकडेच बघत होतो.

डेक्लन खाली उतरला. "सिद्ध कर," म्हणाला. "तू चालव. मी तुझ्या जागी उभा राहतो."

मी कधी तो ट्रॅक चालवला नव्हता. पट्टे आवळले, हेल्मेट घातलं. धुक्यात टायरमागे डेक्लनचं पिवळं जाकीट दिसत होतं. मला सगळं ठाऊक होतं. ट्रॅकवर मी एकटा आहे, आवाज माझा आहे, भोक माझं आहे. तिसऱ्या वळणाला पाय काढला. उजव्या खांद्याशी गाडी आली. खरंच आली. आणि माझ्या हातांनी मला न विचारता स्टिअरिंग डावीकडे फिरवलं.

रेघ खालून गेली. पिवळं जाकीट मोठं झालं. मी ब्रेकवर उभाच राहिलो. गाडी टायरला टेकून थांबली. टायरच्या पलीकडे डेक्लन गवतात आडवा पडला होता. उडी मारली होती त्याने.

"लागलं का? डेक्लन! लागलं का?"

तो उठून बसला. टोपी शोधली. "ऐकलं मी," म्हणाला. "कुत्रा साला. आहे तिथे."

दोघंही हसलो, पण मला नंतर उलटी झाली.

सोमवारी आम्ही मोराकडे गेलो. मीच सांगितलं, शेवटपर्यंत. तिने वहीत लिहून घेतलं आणि म्हणाली, "कारण समजलं. पण दोन वेळा त्या दोन वेळाच. रेघ होती तिथेच आहे." डेक्लनने वाद घातला नाही. तिने आणखी एक ओळ लिहिली: इथून पुढे तिसऱ्या वळणावर आत माणूस उभा राहणार नाही. आमची जागा बाहेर, कॉंक्रीटच्या भिंतीमागे गेली. रेघ ओलांडणाऱ्याकडे कारण असतंच. मीटिंगमध्ये आम्ही सगळे सूट द्यायची की नाही यावर भांडत होतो. माणूस तिथे का उभा करायचा, हे कोणीच विचारलं नव्हतं. मीसुद्धा नाही, आणि उभा तर मीच होतो.

स्टॅंडमध्ये काळ्या प्लॅस्टिकात गुंडाळलेल्या पेंढ्याच्या गाठी ठेवल्या, ओळीने, खुर्च्यांवर. लांबून माणसं मान खाली घालून बसल्यासारखी दिसायची. पहिल्या राउंडला डेक्लन त्यांना हात करायचा. सीझन त्याने पुरा केला, सातवा आला. तिसरी वेळ आली नाही. नंतर प्रेक्षक परत आले आणि गाठी गाईंकडे गेल्या.

तो पाइप डेक्लनने मलाच परत खोलायला लावला. ओरडला नाही. शेजारी स्टूल घेऊन पूर्ण वेळ बसून राहिला, ते जास्त लागलं.

आता पॅच मारला की मी पाइपात हवा सोडतो आणि वेल्डवर साबणाचं पाणी लावतो. बुडबुडा आला तर परत खोलायचं. दोन मिनिटांचं काम आहे. भोसरीच्या उस्तादांनी मला ते पहिल्याच महिन्यात शिकवलं होतं.