सॅमनची चार डोकी

ती केस विसरू म्हटलं तरी विसरता येत नाही. गुन्हेगार सापडला, कागदपत्रं पूर्ण झाली, वरिष्ठांनी पाठ थोपटली. तरी ती आठवली की मला राग येतो तो स्वतःचाच.

मी मूळचा वेंगुर्ल्याचा. न्यूझीलंडला येऊन पोलिसात शिरलो आणि दोन हजारच्या दशकात साउथ आयलंडमधल्या एका लहान गावात सार्जंट होतो. ठाण्यात आम्ही पाच जण. गावालगतच्या नदीत उन्हाळ्याच्या अखेरीला समुद्रातून सॅमन चढतो, आणि मग गावाला दुसरं काही सुचत नाही. बँकेचा मॅनेजरसुद्धा सकाळी गळ टाकून मग कामावर येतो. कायदा मात्र कडक. माणशी दिवसाला दोनच मासे, तेही गळानेच. जाळं लावायचं नाही. वरच्या ओढ्यांत मासा अंडी घालतो, तिथे फिरकायचंही नाही. आणि पकडलेला मासा विकायचा नाही, कशाच्या बदल्यातही द्यायचा नाही.

त्या वर्षी वरच्या ओढ्यात जाळ्याचे तुकडे सापडू लागले होते. नदीवर देखरेख करणारा रेंजर हात धुऊन मागे लागला होता, पण हाती काही येत नव्हतं. अशात ठाण्यात एका बाईचा फोन आला. हॉस्पिटलमधल्या एका इंडियन नर्सच्या गराजमध्ये फ्रीझर भरून सॅमन आहे, दर रविवारी तिची माणसं डबे घेऊन येतात आणि डबे घेऊन जातात, तिथे धंदा चालू आहे, एवढं बोलून तिने नाव न सांगता फोन ठेवला.

नर्स मराठी होती, देवगडकडची. नवरा आणि मुलगी अजून मुंबईतच होते. तिची रेसिडन्सी, म्हणजे इथे कायम राहायची परवानगी, मंजूर झाली की ते येणार होते. गुन्हा दाखल झाला असता तर तो अर्ज तिथेच संपला असता. मला हे ठाऊक होतं, कारण आमच्या फार्मासिस्ट मित्राच्या घरच्या गणपतीत तिनेच मला ते सांगितलं होतं.

कॉन्स्टेबल म्हणाला, "सार्ज, ती तुमच्या ओळखीची आहे. केस दुसऱ्या कुणाला देऊ या का?"

मी नाही म्हणालो. आपल्या माणसाला सांभाळून घेतलं असं उद्या कुणी म्हणू नये, हा माझा हट्ट. वॉरंट घेऊन आम्ही झडती घेतली. फ्रीझरमध्ये सोललेल्या सॅमनची पाकिटं निघाली आणि तळाशी आइस्क्रीमच्या डब्यात चार डोकी. कॉन्स्टेबलने जप्तीच्या यादीत डोक्यांपुढे 'कचरा' असं लिहिलं.

चौकशीला मीच बसलो. वकिलाचा हक्क वाचून दाखवला, व्हिडिओ रेकॉर्डिंग सुरू केलं.

"साहेब, मराठीत सांगू का? मला नीट सांगता येईल," ती म्हणाली.

"इंग्लिशमध्ये. रेकॉर्डिंग चालू आहे."

डब्यांबद्दल विचारलं तर म्हणाली, "आमच्यात रिकामा डबा परत करत नाहीत, सर. मी कालवण देते, ते डब्यातून काहीतरी घालून आणतात." हे मला तिने सांगायला हवं होतं का? माझ्या बायकोनेही तिचा डबा कधी रिकामा परत केला नव्हता. तरी मी मख्ख चेहऱ्याने विचारलं, "म्हणजे माशाच्या बदल्यात तुम्हाला वस्तू मिळत होत्या?"

मासे कुणी दिले, या प्रश्नावर तिचं एकच उत्तर. "तो माझ्या वॉर्डमधला पेशंट होता. पेशंटचं नाव मी सांगणार नाही." दोन तास मी तोच प्रश्न फिरवून फिरवून विचारला. शेवटी तिला रडू कोसळलं आणि ती भराभर मराठीत बोलू लागली. मी टेबलावर बोट आपटलं. "इंग्लिश, प्लीज." ती गप्प झाली ती झालीच.

दुसऱ्या दिवशी जप्तीची यादी पुन्हा वाचत होतो. 'कचरा' या शब्दापाशी अडलो. कोकणातली बाई कचरा फ्रीझरमध्ये कशाला ठेवेल? डोकी कालवणासाठी होती, हे शेंबडं पोरही सांगेल. मग टेप लावली आणि तिचं मी तोडलेलं बोलणं पहिल्यांदा नीट ऐकलं.

"डोकी ते देतच नव्हते हो. नको नको म्हणत होते. मी म्हटलं, आमच्याकडे डोक्याचंच कालवण करतात. मी मागेच लागले, तेव्हा दिली."

इथली माणसं माशाचं डोकं टाकूनच देतात. जे टाकायचंच, ते द्यायला माणूस का कचरेल? एवढ्या वर्षांच्या नोकरीत मी एक शिकलो होतो. माणूस क्षुल्लक वस्तूपाशी घुटमळला, की ती वस्तू क्षुल्लक नसते.

डोकी ठाण्याच्या सिंकमध्ये वितळवली आणि रेंजरला बोलावून घेतलं. मासा कल्ले उचलून बघायची मला लहानपणापासूनची सवय. चारही जबड्यांत गळाचं भोक नव्हतं. कल्ल्यांच्या मागे मात्र जाळ्याच्या दोऱ्याने कापल्यासारखी बारीक रेघ होती. रेंजरने एक डोकं उजेडात धरलं.

"समुद्राजवळचा सॅमन चांदीसारखा असतो, मेट. हे काळपटलेत, जबडाही वाकलाय. वरच्या ओढ्यातलेच आहेत."

सोललेल्या तुकड्यांवर यातलं काहीही दिसलं नसतं. ज्याने मासे दिले, त्याला ते पक्कं माहीत होतं.

आम्ही तीन सकाळी ओढ्याकाठच्या विलोच्या झाडीत बसून काढल्या. थंडीने बोटं वाकत नव्हती, रेंजर कुरकुरत होता, पण मी हटलो नाही. तिसऱ्या सकाळी चांगलं उजाडल्यावर एक जुनी युट, मागे उघडा हौदा असलेली गाडी, येऊन थांबली. एक म्हातारा पाण्यात उतरला आणि जाळं ओढू लागला. अर्ध्या गावाला गळ फेकायला शिकवलेला, फिशिंग क्लबच्या ढालीवर ज्याचं नाव सर्वांत जास्त वेळा कोरलं होतं, तोच.

"नो वे," कॉन्स्टेबल पुटपुटला.

ठाण्यात त्याने काही लपवलं नाही. "खांद्याचं ऑपरेशन झाल्यापासून गळ फेकता येत नाही. पण दर सीझनला लोक विचारतात, या वर्षी किती? काय सांगायचं? त्या नर्सने माझं फार केलं. तिला अडकवायचं माझ्या मनातही नव्हतं."

"तिला ठाण्यात आणलं हे अख्ख्या गावाला कळलं होतं. तेव्हा का आला नाहीत?"

त्याने कपातल्या चहाकडे पाहिलं.

कोर्टात त्याने गुन्हा कबूल केला. नर्सविरुद्ध कोणतीही कारवाई नाही, असं पत्र मी इमिग्रेशनला पाठवलं आणि त्याची प्रत घेऊन तिच्या घरी गेलो. तिने ती दारातच उभी राहून दोनदा वाचली.

"रेसिडन्सीला आता अडचण नाही ना?"

"नाही."

तिने कागदाची घडी घातली. "साहेब, एक विचारू? त्या आजोबांना ठाण्यात आणलं, तेव्हा तुम्ही पहिल्यांदा काय विचारलंत?"

खोटं बोलता आलं असतं. "चहा घेणार का, असं."

"आणि मला?"

टेप मी दोनदा ऐकली होती, त्यामुळे शब्द पाठ होते. पूर्ण नाव, जन्मतारीख, आणि तुमचा व्हिसा कधी संपतो.

आपल्या माणसाला झुकतं माप द्यायचं नाही, एवढंच मी सांभाळत बसलो आणि तिच्यासाठी वेगळाच काटा लावला. त्याला मी निःपक्षपातीपणा समजत होतो. पुढे ठाण्यात येणाऱ्या प्रत्येक नव्या शिपायाला मी सांगत आलो, ओळखीच्या माणसाची केस स्वतःकडे ठेवू नका. लोक म्हणतात तसं तुम्ही मऊ पडाल म्हणून नाही; तुम्ही किती कठोर व्हाल, याचा तुम्हालाच अंदाज नसतो.

त्या दारात मी तिची माफी मागितली, मराठीत. "ठीक आहे, साहेब," ती म्हणाली आणि दार लावून घेतलं. तिने मला खरंच माफ केलं का, हे विचारायची हिंमत मला पुढे कधी झाली नाही.